ग्लूटेनमुक्त आहारव्रत आणि किरकोळ जखमांवरील सुरक्षित उपचार : एक विवेचन

सारांश

सीलिअ‍ॅक विकार, ग्लूटेनजन्य त्वचाविकार किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी यांमुळे ज्यांना आजन्म गहू वर्ज्य करावा लागतो, अशा व्यक्तींच्या किरकोळ जखमांवर उपचार करताना दोन परस्परविरोधी चुका संभवतात. पहिली चूक म्हणजे पट्टी, मलम व लस यांविषयी अवाजवी भीती बाळगून आवश्यक उपचार टाळणे. दुसरी चूक म्हणजे हाताला, पट्टीला वा घरगुती लेपाला लागलेले पीठ तोंडावाटे पोटात जाते, या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणे. ग्लूटेनच्या दृष्टीने खरा धोका कोठे आहे आणि कोठे नाही, याचे विवेचन करून महाविद्यालयीन प्राथमिक उपचार व्यवस्थेसाठी काही सूचना प्रस्तुत लेखात मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : ग्लूटेन, सीलिअ‍ॅक विकार, प्राथमिक उपचार, जखम भरून येणे, पोटीस, धनुर्वात.

१. प्रस्तावना

गहू, जव (सातू) व राय या धान्यांतील विशिष्ट प्रथिनसमूहास ग्लूटेन असे म्हणतात. कणीक मळताना तिला जो ताण आणि चिकटपणा येतो तो याच प्रथिनांमुळे. बहुसंख्य लोकांना ही प्रथिने निरुपद्रवी असली, तरी सीलिअ‍ॅक विकार असलेल्या व्यक्तीच्या शरीरात त्यांमुळे रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावरील अन्नरस शोषणारे सूक्ष्म उद्वर्ध झिजतात आणि अन्न खाऊनही पोषण होत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये उट्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात गहू आणि हा विकार यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडला. तेव्हापासून ग्लूटेनमुक्त आहार हाच या विकारावरील मुख्य उपचार ठरला आहे.

भारतात हा विकार दुर्मीळ आहे, हा समज आता टिकणारा नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसरातील पाहणीत दर ९६ व्यक्तींमागे एक रुग्ण आढळला. २०१६ मधील एका व्यापक पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्य भारतात ०.८७ टक्के व दक्षिण भारतात ०.१० टक्के असे प्रमाण दिसून आले. ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ ही महाराष्ट्राची परंपरागत धान्ये स्वभावतःच ग्लूटेनमुक्त आहेत. तथापि पोळी आता सर्वदूर पोचली आहे आणि पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत उत्तर भारतातील विद्यार्थीही मोठ्या संख्येने शिकतात. सबब वसतिगृह, जिमखाना, प्रयोगशाळा किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर येथे एखाद्या ग्लूटेनमुक्त विद्यार्थ्याच्या जखमेवर उपचार करण्याची वेळ कोणत्याही प्राध्यापकावर येऊ शकते.

२. तीन भिन्न अवस्था

‘गहू चालत नाही’ या एकाच वाक्यामागे तीन निरनिराळ्या अवस्था असू शकतात. जखमेच्या उपचारातील दक्षता कोणती हे त्या अवस्थेवरून ठरत असल्याने त्यांतील भेद प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे.

(अ) सीलिअ‍ॅक विकार : यात हानी होते ती ग्लूटेन लहान आतड्यात पोचल्यावर. विकाराला अनुवंशाची पार्श्वभूमी असते. आतड्याची हानी हळूहळू होते व पुष्कळदा लक्षणांवाचूनही होत राहते.

(आ) ग्लूटेनजन्य पुरळविकार : अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये वर्णिलेला हा विकार म्हणजे सीलिअ‍ॅक विकाराचेच त्वचेवरील रूप होय. कोपर, गुडघे व नितंब यांवर दोन्ही बाजूंना सारखे, अतिशय खाजणारे बारीक फोड येतात. हे फोड त्वचेला पीठ लागल्यामुळे येत नाहीत. खाल्लेल्या ग्लूटेनमुळे येतात.

(इ) गव्हाची अ‍ॅलर्जी : ही वेगळ्या प्रकारची, तात्काळ उद्भवणारी प्रतिक्रिया आहे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे, क्वचित रक्तदाब कोसळणे ही तिची रूपे. येथे मात्र त्वचेचा, विशेषतः फाटलेल्या वा सोललेल्या त्वचेचा, संपर्कही महत्त्वाचा ठरतो.

३. त्वचा, जखम आणि ग्लूटेन

सीलिअ‍ॅक रुग्णांच्या मनात नेहमी येणारा प्रश्न असा की, मलमातील किंवा पट्टीच्या गोंदातील ग्लूटेन जखमेतून शरीरात जाईल काय? ग्लूटेनचे रेणू मोठे असतात व अखंड त्वचेतून ते आत शिरत नाहीत. किरकोळ जखमेला अशा पदार्थाचा स्पर्श झाल्याने आतड्याचा विकार बळावतो, असे मानण्यास मान्य वैद्यकीय आधार नाही. शिवाय वैद्यकीय चिकटपट्ट्यांचा गोंद सर्वसाधारणपणे अ‍ॅक्रिलिक प्रकारचा, किंवा रबर व झिंक ऑक्साइड यांपासून केलेला असतो. पिठाची खळ कागदकामात वापरली जाते. वैद्यकीय पट्टीशी तिचा संबंध नाही. पट्टीखाली लाली व खाज आली, तर ग्लूटेनपेक्षा गोंद, रबर किंवा मलमातील औषध यांची स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी असण्याचा संभव अधिक. निओमायसिन व फ्रामायसेटिन ही आपल्याकडील घरोघरच्या मलमांतील औषधे अशा अ‍ॅलर्जीबद्दल परिचित आहेत.

गव्हाच्या अ‍ॅलर्जीची गोष्ट निराळी. जपानमध्ये गव्हाचे विघटित प्रथिन घातलेला एक चेहऱ्याचा साबण लोकप्रिय झाला होता. तो नित्य वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींना त्वचेच्या व डोळ्यांच्या संपर्कातून गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. पूर्वी सुखाने खाल्लेल्या गव्हाच्या पदार्थांनी त्यांना त्रास होऊ लागला आणि २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलयुक्त मलमे लावलेल्या बालकांत शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण अधिक आढळल्याचे २००३ मधील ब्रिटिश संशोधनानेही दाखविले. म्हणून ज्यास गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या सोललेल्या त्वचेवर गव्हाचे प्रथिन असलेले कोणतेही प्रसाधन लावू नये. सीलिअ‍ॅक रुग्णांच्या बाबतीत मात्र हाच इशारा जसाच्या तसा लागू होत नाही. दोन्ही अवस्थांची सरमिसळ केल्यामुळेच बरीचशी अनावश्यक भीती निर्माण होते.

४. खरा मार्ग : हातातून तोंडाकडे

सीलिअ‍ॅक रुग्णासाठी जखमेशी संबंधित खरा धोका त्वचेतून नव्हे, तर तोंडावाटे येतो. तो किती अल्प प्रमाणात पुरेसा असतो हे पाहण्यासारखे आहे. इटलीत झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन ९० दिवस पोटात गेल्यास आतड्याच्या अस्तराची हानी दिसू लागते. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे याच्या पन्नासपट ग्लूटेन असते. उलट हिशेब केल्यास दहा मिलिग्रॅम ग्लूटेन साधारण १२० मिलिग्रॅम पिठात, म्हणजे अगदी लहानशा चिमटीत, मावते.

या पार्श्वभूमीवर मराठी घरातील एक नित्याचे दृश्य विचारात घ्यावे. ग्लूटेनमुक्त आहार पाळणारी गृहिणी स्वतःसाठी भाकरी थापते, पण उरलेल्या कुटुंबासाठी कणीकही मळते. विळीने किंवा सुरीने बोट कापले की ती पट्टी बांधून पुन्हा स्वयंपाकाला लागते. कापडी पट्टीच्या विणीत व कडेच्या चिकट भागात ओले पीठ अडकून बसते. हात धुतले तरी ते निघत नाही. पुढे त्याच हाताने ती भाकरीचा घास मोडते. आहार काटेकोर असूनही रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण का उतरत नाही, या प्रश्नाचे उत्तर अशा क्षुल्लक वाटणाऱ्या सवयीतही दडलेले असू शकते. उपाय साधा आहे. बोटाला पट्टी असेतो कणीक दुसऱ्याने मळावी. ते शक्य नसल्यास पट्टीवर रबरी वा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवावा आणि मळणे होताच पट्टी बदलून हात साबणाने धुवावेत.

याच तत्त्वानुसार आणखी चार ठिकाणी दक्षता आवश्यक ठरते.

१) ओठ व तोंडातील जखमा : येथे लावलेले मलम गिळले जातेच. म्हणून त्याचे घटक खाद्यपदार्थाप्रमाणेच तपासावेत. तोंड वारंवार येणे हे सीलिअ‍ॅक विकाराचे लक्षणही असते, हे लक्षात ठेवून केवळ मलमावर विसंबू नये.

२) लहान मुले : बोट चोखणाऱ्या मुलाच्या बोटावरील मलम हे पोटात जाणारे द्रव्यच समजावे.

३) उपचार करणाऱ्याचे हात : बिस्किट खाऊन वा डबा आवरून लगेच पट्टी बांधायला बसू नये. मद्यार्कयुक्त सॅनिटायझर जंतूंना मारतो. पीठ मात्र तो काढून टाकत नाही आणि ग्लूटेन नष्टही करीत नाही. त्यासाठी साबण व वाहते पाणीच हवे.

४) घरगुती लेप : गळू पिकविण्यासाठी कणकेचे गरम पोटीस बांधण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. भाजल्यावर कणीक थापण्याचा प्रकारही काही घरांत दिसतो. जखमेवर पीठ घालणे हे ग्लूटेनचा विचार बाजूला ठेवला तरी अयोग्यच. कारण ते जंतूंना पोषक ठरते व वाळल्यावर जखमेला घट्ट चिकटते. सीलिअ‍ॅक रुग्णाच्या बाबतीत ते हातावर, कपड्यांवर व अंथरुणावर पसरण्याचा दोष अधिकचा. गळवास शेकच द्यावयाचा असेल, तर गरम पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा पुरेसा आहे.

५. औषधे व लस यांविषयीची भीती

जखमेच्या वेदनेसाठी घेतलेली गोळी तोंडावाटे जात असल्याने तिच्याविषयीचा प्रश्न रास्त आहे. गोळीला आकार देण्यासाठी वापरले जाणारे स्टार्च बहुधा मका वा बटाट्याचे असते. क्वचित गव्हाचे असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुदा मार्गदर्शिकेत असे नमूद केले की, ग्लूटेन हा घटक म्हणून हेतुतः घातलेले कोणतेही तोंडी औषध प्रशासनाच्या पाहण्यात नाही. स्टार्चसारख्या पूरक द्रव्यांतून आलेच तर एका मात्रेत अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन संभवते. तुलनेसाठी भारतातील ग्लूटेनमुक्त खाद्यपदार्थांची मर्यादा पाहता येईल. ती किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे तीस ग्रॅम ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात ०.६ मिलिग्रॅमपर्यंत, अशी आहे. अर्थात औषधाच्या वेष्टनावर पूरक द्रव्यांची संपूर्ण यादी पुष्कळदा नसते. म्हणून नित्य घ्यावयाच्या औषधाबाबत औषधविक्रेता वा उत्पादकाकडे चौकशी करून नोंद ठेवावी. परंतु दोन-तीन दिवसांच्या तातडीच्या औषधासाठी उपचार थांबवू नयेत.

धनुर्वाताच्या लसीविषयी तर संदेहाला जागाच नाही. सुईवाटे दिलेली लस आतड्यात ग्लूटेन नेत नाही. धनुर्वाताचे बीजाणू माती, शेण व धूळ यांत असतात आणि त्यांना शिरकावासाठी खिळ्याचे वा काट्याचे एक छिद्रही पुरते. प्राथमिक लसीकरण पूर्ण झालेल्या व्यक्तीस स्वच्छ जखमेनंतर, मागील मात्रेस दहा वर्षे उलटली असल्यास, पुन्हा एक मात्रा देतात. जखम मळलेली वा खोल असल्यास ही मर्यादा पाच वर्षांची. लसीकरण अपुरे किंवा अज्ञात असल्यास निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

एक अपवाद मात्र ध्यानात घ्यावा लागतो. ग्लूटेनजन्य पुरळविकारात आयोडीनमुळे फोड उफाळू शकतात. पोव्हिडोन आयोडीन आपल्याकडील प्रत्येक प्रथमोपचार पेटीत असते. त्यात ग्लूटेन नसते, तरीही या विकाराच्या रुग्णाने ते वापरण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे हितावह आहे. तसेच कोपर-गुडघ्यांवर दोन्ही बाजूंना पुनःपुन्हा उठणाऱ्या, खाजवून फुटलेल्या फोडांना ‘खरचटणे’ समजून मलमपट्टी करीत राहू नये. त्यांचे निदान आहारात शोधावे लागते.

६. जखम उशिरा का भरते?

पट्टीतील ग्लूटेनची चिंता करणारा रुग्ण एका अधिक महत्त्वाच्या बाबीकडे दुर्लक्ष करतो. ती म्हणजे मूळ विकार आटोक्यात नसल्यास होणारे कुपोषण. जखम भरण्यासाठी लागणारी सामग्री रक्तातूनच येते आणि रक्तात ती आतड्यातून येते.

‘के’ जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर शोषले जाते. आतडे झिजलेले असल्यास त्याची उणीव निर्माण होते व रक्त गोठविणारे काही घटक यकृतात पुरेसे तयार होत नाहीत. दाढी करताना कापल्यावर बराच वेळ रक्त वाहणे किंवा सहज काळे-निळे डाग पडणे ही तिची चिन्हे असू शकतात. लोहाच्या अभावाने ऊतींना प्राणवायू कमी मिळतो. जस्त व प्रथिने यांच्या अभावाने नव्या पेशींची वाढ मंदावते. काही रुग्णांना पहिल्या प्रकारचा मधुमेहही असतो; काहींच्या पायांच्या संवेदना मंदावलेल्या असतात व झालेली जखमच त्यांना कळत नाही.

काही प्रौढ रुग्णांत प्लीहेचे कार्य क्षीण झालेले असते. अशा व्यक्तीला विशिष्ट जंतुसंसर्ग झपाट्याने ग्रासू शकतो. कुत्र्याच्या चाव्यातून शिरणारे काही जंतूही त्यांत मोडतात. म्हणून अशा रुग्णाने जखमेनंतर ताप वा थंडी वाजणे या लक्षणांची वाट न पाहता चाव्यासारख्या जखमेसाठी त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. तात्पर्य, ग्लूटेनमुक्त व्यक्तीची किरकोळ जखम दोन आठवड्यांतही भरून येत नसेल, तर मलम बदलण्याऐवजी रक्ततपासणी करून घेणे हा अधिक तर्कशुद्ध मार्ग होय.

७. प्रत्यक्ष उपचाराचा क्रम

उपर्युक्त विवेचनाच्या आधारे किरकोळ जखमेच्या उपचाराचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१) उपचार करणाऱ्याने साबणाने हात धुवावेत व उपलब्ध असल्यास हातमोजे घालावेत.

२) स्वच्छ कापडाने जखम सलग दहा मिनिटे दाबून धरावी. रक्त थांबले की नाही हे दर मिनिटाला उचलून पाहू नये; त्याने नुकतीच धरलेली गुठळी सुटते.

३) वाहत्या पिण्याच्या पाण्याने जखम धुवावी. खडे व माती निघून जाईपर्यंत पाणी सोडावे. सभोवतालची त्वचा साबणाने स्वच्छ करावी. जखमेत स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नये. त्यांनी जंतूंबरोबर भरू पाहणाऱ्या पेशींचीही हानी होते.

४) साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. ती खनिज तेलापासून होत असल्याने तिच्यात धान्याचा अंश नसतो. जखम उघडी ठेवून वाळवावी, हा समज जॉर्ज विंटर यांच्या १९६२ मधील प्रयोगांनी मागे टाकला. झाकलेली, ओलसर जखम अधिक लवकर भरते असे त्यांनी दाखविले.

५) पट्टी रोज, तसेच ओली वा मळकट होताच, बदलावी.

६) भाजल्यास वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. कणीक, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

७) प्राण्याचा चावा असल्यास पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. रेबीजच्या लसीपुढे ग्लूटेनचा विचार सर्वस्वी गौण आहे.

८) दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, फाकलेल्या कडा, खोल छिद्र, वाढती लाली वा पू ही चिन्हे दिसल्यास जखम किरकोळ समजू नये.

महाविद्यालयीन स्तरावर यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही. प्रवेशपत्रावर अथवा शिबिराच्या संमतिपत्रावर आहारविषयक विकाराची एक ओळ असावी. विकार सीलिअ‍ॅक आहे की गव्हाची अ‍ॅलर्जी, हे तीत स्पष्ट व्हावे. प्रथमोपचार पेटी खाद्यपदार्थांच्या कपाटात ठेवू नये. पेटीतील मलमांच्या मूळ खोक्या फेकून देऊ नयेत, कारण घटकांची माहिती त्यांवरच असते. शिबिरात कणीक मळण्याच्या पाळीतून पट्टी बांधलेल्या ग्लूटेनमुक्त विद्यार्थ्यास वगळावे व त्यास दुसरे काम द्यावे.

८. समारोप

ग्लूटेनमुक्त जीवन जगणाऱ्या व्यक्तीसाठी जखम स्वतः ग्लूटेनचे प्रवेशद्वार नाही. ते प्रवेशद्वार तोंड हेच आहे. ही एक गोष्ट नीट समजली, की पट्टी, पेट्रोलियम जेली व लस यांविषयीची भीती ओसरते आणि हात, पीठ व घास यांविषयीची सावधगिरी योग्य जागी येते. भीतीपोटी लस नाकारणारा विद्यार्थी आणि पिठाच्या हाताने त्याला पट्टी बांधणारा मदतनीस हे दोघेही सद्हेतूनेच वागत असतात. त्या दोघांना योग्य माहिती वेळेवर मिळावी, हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. जखम धुण्यास लागणारे पाणी व साबण प्रत्येक महाविद्यालयात असतातच. विद्यार्थ्याला काय चालत नाही आणि का चालत नाही, याची नोंदही तितकीच सहज उपलब्ध असावयास हवी.